परीक्षेच्या सकाळी गप्प बसलेला चोर

१

चोरी झाली होती खरी, पण गेलं काहीच नव्हतं. फोटो जागच्या जागी होते, कुलपं शाबूत होती. तरी मोसुलच्या उजव्या तीरावरच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते.

"सर्व्हरवाली कंपनी म्हणते, महिन्याचा डेटा आपण दहा दिवसांत संपवला," डॉक्टर लबीब म्हणाले. "असंच चाललं तर रविवारी साइट बंद."

साइटचं नाव 'संदूक'. लढाईत ज्यांची घरं पडली त्यांचे आल्बमही ढिगाऱ्यात गेले. मग कुणाच्या आत्याकडे, कुणाच्या स्वीडनमधल्या भावाकडे जे उरलंसुरलं होतं ते इतिहासाच्या या निवृत्त प्राध्यापकाने दारोदार हिंडून गोळा केलं आणि स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवलं. 'बघायला ठेवीन, पण घाऊक कुणाला देणार नाही आणि विकणार तर मुळीच नाही,' असा शब्द त्यांनी घरोघर दिला होता. आजीचा लग्नातला फोटो परक्याच्या हाती द्यायचा म्हणजे मोसुलच्या घरांत आधी दोन दिवस भांडण होतं. लोकांनी तो दिला होता डॉक्टरांच्या शब्दावर.

"कुणीतरी अख्खी संदूक उपसतंय. गुरुवारी घरवाल्यांची बैठक आहे, तिथे मी नाव सांगणार."

"नाव कळलंय?" नज्लाने विचारलं.

"गुरुवारपर्यंत कळेल. त्यासाठीच तुम्हाला बोलावलंय, सित्त नज्ला."

हे बोलताना डॉक्टर गझवानकडे बघत होते. गझवान स्कॅनर सांभाळायचा आणि चहाही करायचा, कारण बाकीच्यांच्या हातचा चहा पिण्यालायक नसे. ईदनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. गुरुवारी त्याचं नाव निघालं असतं तर मुलीकडून अंगठी परत आली असती, आणि पुन्हा त्या घराला सोयरीक मिळाली नसती.

नज्ला पंचेचाळिशीची. आधी एका मोबाइल कंपनीत होती, साहेबाशी भांडून बाहेर पडली आणि आता दवाखान्यांच्या, दुकानांच्या साइट दुरुस्त करायची. तिच्या तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया असत आणि टरफलं टाकायला पर्समध्ये वेगळी डबी.

दाराजवळच्या खुर्चीत अम्मो थन्नून बसले होते. तळमजल्यावर त्यांचं फोटोंच्या चौकटी करायचं दुकान होतं, आणि वर गझवानचा चहा प्यायला यायचा त्यांचा रोजचा नेम होता.

"खरंच बंद करतील का हो ते?" त्यांनी विचारलं.

"करतील, अम्मो. त्यांना काय सोयरसुतक," डॉक्टर म्हणाले.

गझवानने सगळ्यांपुढे चहाचे छोटे पेले ठेवले, तळाशी बोटभर साखर. अम्मोंनी दोन घोट घेतले आणि पंखा थांबला. सरकारी वीज गेली होती; गल्लीतला जनरेटर लाइन घ्यायला अजून अवकाश होता. टेबलाखालच्या बॅटरीवर इंटरनेटच्या डबीचा हिरवा दिवा तेवढा जळत राहिला.

"दुकान उघडं टाकून आलोय," म्हणत अम्मो उठले आणि गुडघे धरत जिना उतरू लागले.

"अम्मो, चहा!" गझवान ओरडला.

"ठेव, आलोच."

ते काही आले नाहीत. पेल्यात साखर तशीच राहिली.

२

सर्व्हरच्या नोंदी वाचणं हे नज्लाच्या मते दुकानाच्या उंबऱ्यावर बसून गिऱ्हाईक न्याहाळण्यासारखं काम होतं. कोण आलं, कुठून आलं, काय बघितलं, किती उचललं, सगळं लिहिलेलं असतं. फक्त कुणाचा चेहरा दिसत नाही.

आधी तिने यंत्रं बाजूला काढली. शोध देणाऱ्या कंपन्यांची यंत्रं साइटवर येतात, वाचतात, जातात. ती पहिल्या दिवसापासून येत होती आणि फारसं काही नेत नव्हती. मग खरी माणसं: स्वीडन, जर्मनी, बगदाद, खुद्द मोसुल. माणूस चार फोटो बघतो, एकावर रेंगाळतो, आत्याचा फोटो पुन्हा उघडतो.

उरले ते परके पत्ते. आज हॉलंड, उद्या सिंगापूर, परवा कॅनडा. कुणी रेंगाळत नव्हतं. पहिल्या आल्बमचा पहिला फोटो, मग दुसरा, मग तिसरा, सगळे मोठ्यात मोठ्या आकारात.

"दहा देशांतली टोळी आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि तिचा म्होरक्या कोण तेही सांगतो. मिदहत. आपल्यातूनच भांडून गेला, आता परदेशात बसून स्वतःचं संग्रहालय काढतोय. वल्ला, तो माणूस स्वतःच्या बापाचा फोटोसुद्धा विकेल."

"टोळी नाही," नज्ला एक बी फोडत म्हणाली. "फोटो उतरवणारा प्रोग्राम सगळीकडे तोच, क्रमही तोच. एका वेळी एकाच देशातून येतो. हॉलंड थांबलं की सिंगापूर सुरू. तोंड लपवायला व्हीपीएन वापरतोय. हा एकच माणूस आहे."

"मग मिदहतच."

"असेल. पण एक गंमत बघा. हा शेवटापर्यंत कधी जातच नाही. थोडं पुढे जातो, तुटतो आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करतो. दिवसातून कितीतरी वेळा. तुमचा डेटा संपला तो यात. नव्वद घरांची संदूक आहे, आणि हा बाबा पहिल्या सहा-सात घरांचेच फोटो पुन्हा पुन्हा नेतोय."

"असा कसला चोर?" कचेरीतल्या शहलाने विचारलं.

नज्लाने टरफल डबीत टाकलं आणि नोंदी पुन्हा पहिल्यापासून उघडल्या.

३

शहला परदेशी नातेवाइकांची पत्रं सांभाळायची. नज्लाने तिला खालच्या कबाबवाल्याकडे जेवायला नेलं, कारण कचेरीत ती रडण्यापलीकडे काही करत नव्हती.

"दोन महिन्यांपूर्वी एका परदेशी कंपनीचं पत्र आलं होतं," शहला म्हणाली. "सगळे फोटो विकत मागत होते. कॉम्प्युटरला चेहरे ओळखायला शिकवायचं असतं म्हणे. डॉक्टरांनी पत्र वाचून दाखवलं आणि दोन शिव्या घातल्या. तेव्हा गझवान म्हणाला, 'निदान किती देतात ते तरी विचारा.'"

"चेष्टेने?"

"तो सगळं चेष्टेनेच म्हणतो. पण त्याला नवरीसाठी सोनं करायचंय, सित्त. आणि सोन्याचा भाव तुम्हाला माहीत आहे."

गझवानने काहीच लपवलं नाही. "म्हणालो होतो. अजूनही म्हणेन. विचारायला काय जातं? पण विचारणं निराळं आणि विकणं निराळं." मग त्याने स्कॅनरचं झाकण लावलं. "पहिल्याच आल्बममध्ये माझ्या होणाऱ्या सासूच्या घरचे फोटो आहेत. उम्म हारिस. ते मी विकायला काढीन?"

"विकणारा हेच म्हणेल."

"मग तुम्ही तरी असं विचारा, ज्याचं उत्तर चोराला देता येणार नाही."

पोरगं बोलायला चलाख होतं. नज्लाला ते आवडलं, आणि म्हणून तिने स्वतःला बजावलं की अयनी, बाई माझे, आवडलं म्हणून निर्दोष धरायचं नाही.

"कंपनीने पहिली ताकीद दिली ती कुणाकुणाला माहीत होती?" जाता जाता तिने विचारलं.

"आम्हालाच. डॉक्टरांनी इथे खोलीत सांगितलं आणि बजावलं, बाहेर कुठे बोलायचं नाही. आम्ही कशाला बोलतोय?"

नज्लाने नोंदी पुन्हा उघडल्या. ताकीद खोलीत सांगितली, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून चोराचा वेग दुप्पट झाला होता.

४

बुधवारी मुलांचा गणिताचा पेपर होता. पेपर फुटू नये म्हणून परीक्षेच्या सकाळी सगळ्या देशाचं इंटरनेट बंद ठेवतात. त्या वेळात मोसुलमध्ये माणसं नाइलाजाने बायकोशी बोलतात. नज्लाला नवरा नव्हता. तिने टोमॅटोत अंडी परतली, खाल्ली आणि हात चोळत बसली.

बसल्या बसल्या तिच्या डोक्यात उजेड पडला. इंटरनेट येताच तिने मागच्या सगळ्या पेपरांच्या सकाळी काढल्या आणि सर्व्हरचं परदेशी घड्याळ आपल्या घड्याळावर आणलं. बगदाद आणि मोसुल गप्प होते, ते असणारच. स्वीडन चालू होतं, जर्मनी चालू होतं. आणि हॉलंड, सिंगापूर, कॅनडातून येणारा तो पाहुणा?

गप्प होता. प्रत्येक पेपरच्या सकाळी, देशातलं इंटरनेट बंद असेल तेवढाच वेळ तो गप्प होता. ज्या दिवशी पेपर नाही त्या सकाळी मात्र त्याचं काम चालू.

"आपली मुलं पेपर लिहितात म्हणून कॅनडातला माणूस हात आवरून बसत नाही," तिने डॉक्टरांना सांगितलं. "तो इथलाच आहे, आपल्या देशात. तुमचा मिदहत सुटला."

आपण मोठं काम केलं असं तिला वाटत होतं, तेवढ्यात डॉक्टरांचा चेहरा तिच्या ध्यानात आला. मिदहत सुटला म्हणजे कोण उरला हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"ताकीद या खोलीत दिली आणि चोराने घाई केली," ते म्हणाले. "हे तुम्हीच सांगितलंत. गझवान, किल्ल्या दे."

गझवानने खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. चहाचं आधण चुलीवर होतं, ते तेवढं त्याने बंद केलं आणि तो जिना उतरून गेला.

नज्लाला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, तो स्वतःचा. अर्धवट सत्य तिने नको त्या माणसाच्या हाती दिलं होतं.

५

आता चोर मधेच का तुटतो, एवढाच प्रश्न उरला होता. परीक्षेचं कळलं, पण बाकीच्या वेळी तो पुन्हा पुन्हा पहिल्या फोटोवर का येत होता?

ती विचार करत असताना पंखा थांबला. गल्लीत जनरेटर धडधडला, पंखा पुन्हा फिरला. नज्ला टेबलाखाली वाकली. बॅटरीच्या यंत्रात भिंतीतली वीज कधी गेली आणि कधी आली याची नोंद राहते. ती तिने चोराच्या नोंदींशेजारी मांडली आणि बराच वेळ बी फोडायची विसरली.

दोन्ही तंतोतंत जुळत होत्या. गल्लीत सरकारी वीज जाऊन जनरेटर आला की चोर तुटायचा. जनरेटर जाऊन सरकारी आली की तुटायचा.

"म्हणजे याच कचेरीतून!" डॉक्टर उभेच राहिले.

"बसा हो डॉक्टर. कचेरीतली डबी बॅटरीवर आहे. वीज गेली तरी इथलं इंटरनेट तुटत नाही. हिरवा दिवा रोज डोळ्यांपुढे असतो तुमच्या. चोराकडे बॅटरी नाही. वीज गेली की त्याची डबी मरते, कॉम्प्युटर मरतो, आणि त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हा चोर या खोलीत बसत नाही. पण आपल्याच जनरेटरच्या तारेवर बसतो."

"गझवान घरून करत असेल."

नज्लाने त्यांच्यासमोरच गझवानच्या आईला फोन लावला. ती नदीपलीकडे, डाव्या तीरावर राहायची.

"खाला, काल दुपारी तुमच्याकडे वीज कधी गेली?"

"कधी गेली? आली कधी ते विचार, बाई! दुपारी जनरेटरवाल्याने तेल नाही म्हणून काही दिलंच नाही. गोठवून ठेवलेल्या खिम्याच्या कुब्ब्यांचं पाणी झालं. मी त्याच्या दारात जाऊन बोलून आले, सगळ्या गल्लीने ऐकलं." मग आवाज खाली आला. "गझवान आज दुपारीच घरी आला. जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलाय. सित्त, माझ्या पोराने काही केलंय का?"

"नाही, खाला," नज्ला म्हणाली, आणि डॉक्टरांकडे बघूनच म्हणाली. "काही केलेलं नाही."

काल दुपारी डाव्या तीरावर वीजच नव्हती. चोर मात्र दुपारभर फोटो नेत होता.

६

आता हिशेब सोपा होता. चोर याच तारेवरचा हवा, त्याच्याकडे बॅटरी नको, आणि साइट बंद होणार हे या खोलीतलं बोलणं त्याच्या कानावर गेलेलं हवं.

"शहला टॅक्सीने चार वस्त्या ओलांडून येते," डॉक्टर म्हणाले. "मी तर तिकडे विद्यापीठाजवळ राहतो. खोलीत आणखी कोण होतं? कुणीच नाही."

नज्ला दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. खुर्चीशेजारच्या तिपाईवर सकाळचा चहाचा पेला होता. अर्धा भरलेला, साखर तळाला तशीच.

ती जिना उतरली.

दुकानात चौकटींचा भुसा आणि सरसाचा वास होता. मागे एक खाट होती. घर पडल्यापासून अम्मो थन्नून इथेच झोपायचे. खाटेशेजारी, सोनेरी चौकटींच्या आड, एक जुनाट कॉम्प्युटर घरघरत होता आणि त्याला टेकून एक लॅपटॉप. दोन्ही पडद्यांवर उम्म हारिसच्या घरच्या सहलीचे फोटो उतरत होते.

"ये बाई, ये," अम्मो लपवायच्या भानगडीत न पडता म्हणाले. "जरा थांब, आत्ताच वीज बदलली, पुन्हा लावून देतो."

"अम्मो, हे काय करताय?"

"वाचवतोय. कुणीतरी चोर लागलाय ना संदुकीला? डॉक्टर म्हणाले, साइट बंद होणार. उतरवून तर मी आधीपासूनच घेत होतो, मग म्हटलं, बंद होण्याआधी सगळं व्हायला हवं. एका यंत्राने होईना म्हणून भाच्याचा इथे पडून असलेला लॅपटॉपही आणला. तो अंकाराहून फोनवर सांगतो कुठे काय दाबायचं. ते देश बदलणारंही त्यानेच घातलं, मागे सरकारने साइट अडवल्या होत्या तेव्हा."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, मागल्या वर्षी. ते म्हणाले, अम्मो, परदेशातल्या सर्व्हरवर सगळं सुखरूप आहे, आता काही जळत नाही." अम्मोंनी हातातली चौकट खाली ठेवली. "तीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढले, बाई. निगेटिव्ह तळघरात ठेवल्या होत्या. तेव्हाही मला सगळे म्हणत होते, तळघर आहे, सुखरूप आहे. अर्ध्या शहराच्या नवऱ्या त्या तळघरात होत्या. आता लोक वर येऊन स्कॅन करून जातात त्या फोटोंच्या पाठीवर कधी कधी माझा शिक्का असतो. दुसऱ्यांदा जाऊ द्यायचे नाहीत मला."

नज्लाने स्टूल ओढलं. हे सांगणं तिच्या जिवावर आलं होतं, पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आणखी वाईट सांगितलं असतं.

"अम्मो, फोटो उतरवला की डेटा जातो. नळाच्या पाण्यासारखा. महिन्याचं पाणी ठरलेलं असतं. तुम्ही नळ उघडा ठेवलात, आणि वीज गेली की पहिल्यापासून पुन्हा. कंपनी साइट बंद करणार ती त्याच्यामुळे."

अम्मोंना कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तो चोर," ते हळूच म्हणाले, "मीच?"

"आणि नाव गझवानचं निघणार आहे. उद्या बैठकीत."

म्हातारा खाटेवर बसला. मग त्याने हात लांब करून आधी लॅपटॉप बंद केला, नंतर कॉम्प्युटर.

७

गुरुवारी नव्वद घरांपैकी निम्मी तरी घरं त्या दोन खोल्यांत कोंबली गेली होती. गझवानला नज्लाने जबरदस्तीने आणलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता. उम्म हारिस पुढे बसली होती आणि होणाऱ्या जावयाकडे मुळीच बघत नव्हती. कुणकुण तिच्यापर्यंत पोचली होती.

डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला. अम्मो थन्नून त्यांच्या आधी बोलले.

"तुमचे फोटो मी नेले. हा पोरगा नाही. मी खाली बसून, न विचारता नेले. विकायला नाही. पण न विचारता नेले, ते खरं."

खोलीत कुजबुज उठली. एक जण म्हणाला, आमच्या बायकांचे फोटो या म्हाताऱ्याच्या यंत्रात का असावेत? अम्मोंनी मान खाली घातली.

"आमचे किती नेलेस, थन्नून?" उम्म हारिसने विचारलं.

"तुमचे सगळे. शंभरदा. वीज गेली की पुन्हा तुमच्यापासूनच सुरू."

"आणि आमच्या व्याह्यांचे?"

"त्यांच्यापर्यंत कधी पोचलोच नाही."

आधी उम्म हारिसच हसली, मग तिच्या मागची बाई, मग बाकीचे. "माझ्या लग्नाचे फोटो यानेच काढले होते," ती ओढणीच्या टोकाने डोळे टिपत म्हणाली. "बघून झालेल्या नवरीत याला आता काय बघायचंय? माझ्या घराचे फोटो ठेव तुझ्याकडे. एक संदूक परदेशात, एक इथे." मग मान वळवून गझवानला म्हणाली, "आणि तू भिंत सोड. घर पडत नाही."

घरं एकेक करून हो म्हणू लागली. काही नाही म्हणाली; त्यांतल्या ज्यांचे फोटो उतरले होते ते अम्मोंनी यंत्रं वर आणून तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर पुसले. डॉक्टरांना माफी मागता येत नसे. प्राध्यापकीत तशी सवय लागत नाही. त्यांनी किल्ल्या काढून चहाच्या तबकात ठेवल्या आणि तबक गझवानपुढे सरकवलं. गझवानने किल्ल्या उचलल्या आणि आधण ठेवलं.

संपलेला डेटा परत मिळणार नव्हता, तेव्हा साइट महिनाअखेरपर्यंत बंद राहिली, मग सुरू झाली. हो म्हणालेल्या घरांचे फोटो गझवानने कचेरीतूनच एका डिस्कवर उतरवून अम्मोंच्या दुकानात नेऊन ठेवले, आणि येताना त्यांच्या यंत्राखाली एक बॅटरी बसवून आला. नज्ला आपलं बिल द्यायला आली त्या दिवशी अम्मो दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन घोट झाले आणि पंखा थांबला.

अम्मो सवयीने उठले.

"बसा, अम्मो," गझवान म्हणाला. "खाली बॅटरी आहे."

ते पुन्हा बसले. गल्लीत जनरेटर धडधडला. अम्मोंनी पेला तोंडाला लावला आणि हळूहळू तळापर्यंत संपवला.

"इतकी साखर घालत होतास होय रे रोज?" ते म्हणाले.